सिगारेट सोडल्यावर तब्येत बिघडते का?

"सोडली होती हो सर, चांगली वीस दिवस. पण खोकला इतका वाढला की परत चालू करावी लागली."

मुलाचा दाखला न्यायला आलेले एक पालक शाळेच्या फाटकाशी उभे राहून आम्हाला हे सांगत होते. यंत्रमागावर काम करणारा माणूस, वय चाळीसच्या आतलंच असेल. बोलण्यात बहाणा नव्हता. खोकला खरोखरच वाढला होता आणि विडी पुन्हा धरल्यावर तो खरोखरच कमी झाला होता. मग त्यांनी दुसरा काय अर्थ काढायचा?

आमच्या सोलापुरात, आमच्या मोहल्ल्यातच, असं सांगणारे सात-आठ जण तरी आम्हाला भेटलेत. कुणाचं पोट साफ होईना, कुणाच्या तोंडात छाले आले, कुणाची झोप उडाली. एकाने घरात इतकी आदळआपट केली की शेवटी बायकोनेच पैसे देऊन पोराला बंडल आणायला पाठवलं. निष्कर्ष सगळ्यांचा एकच : शरीराला सवय झालीय, आता सोडणं मानवत नाही.

आम्हीही असंच म्हणायचो. चौदा वर्षं सिगारेट ओढली, शेवटी शेवटी रोज दहा. दोनदा सोडली आणि दोनदा परत धरली. तिसऱ्यांदा सोडली त्याला आता सहा वर्षं झाली. पहिल्या दोन वेळा आमचा निश्चय कच्चा होता असं लोक म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. सोडल्यावर शरीरात काय काय होणार आहे, किती दिवस होणार आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ओढल्याने काय होतं ते पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं. सोडल्यावर पहिल्या महिन्यात काय होतं ते सांगणारं फारसं कुणी भेटत नाही, आणि नेमका तिथेच माणूस घसरतो.

आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. खाली शरीराबद्दल जे लिहिलंय ते वैद्यकशास्त्रात मान्य असलेलं आहे. बाकी आमचा आणि आजूबाजूच्यांचा अनुभव.

पहिले काही तास

शेवटची सिगारेट विझवल्यावर वीसेक मिनिटांत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब खाली यायला लागतात. हे माणसाला जाणवत नाही. त्यानंतरचा बदल रक्तातला. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं ज्याने दगावतात, तोच हा वायू. रक्तातलं हिमोग्लोबिन खरं तर ऑक्सिजन वाहून नेण्यासाठी असतं, पण हा वायू त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे ओढणाऱ्याच्या रक्तातल्या काही गाड्या कायम चुकीचा माल भरून फिरत असतात. ओढणं थांबलं की साधारण एका दिवसात त्या रिकाम्या होतात.

इथे विडीबद्दल एक सांगायला हवं. विडीत तंबाखू कमी, वरून नुसतं पान, म्हणून ती हलकी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, विडी सारखी विझते, ती पेटती ठेवायला जोरात आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे साध्या सिगारेटपेक्षा विडीतून निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जास्तच आत जातं. आमच्या शहरात हजारो घरांची चूल विड्या वळून पेटते, आमच्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या अम्मी सूप मांडीवर घेऊनच गृहपाठ घेतात. हे लिहिताना ती घरं डोळ्यांपुढून जात नाहीत. पण म्हणून विडीला हलकी म्हणता येणार नाही.

रोजा लागतो, म्हणजे नेमकं काय लागतं?

तलफ म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्या घरांत रमजानइतका चांगला दाखला दुसरा नाही. सहरीच्या शेवटच्या मिनिटाला एक ओढून घेणारा माणूस मगरिबपर्यंत धुराशिवाय राहतो. उन्हाळ्यातल्या रोज्यात हे चौदा तासांच्या आसपास होतं. असरच्या सुमारास घरातली मुलं दबकून वागायला लागतात. "अब्बांना रोजा लागतोय, आत्ता काही मागू नका," असं अम्मी हळूच सांगते.

भूक-तहान असतेच. पण त्याच घरात दादीही रोज्यात असते, बारा वर्षांची मुलगीही असते, त्या कुणावर खेकसत नाहीत. अब्बांना जे लागतंय त्यात मोठा वाटा निकोटीनचा असतो.

गणित शिकवणाऱ्याला हा हिशोब सांगायला फार आवडतो. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. चौदा तासांत ते सात वेळा निम्मं होतं, म्हणजे सहरीला जितकं होतं त्याचा एकशे अठ्ठाविसावा भाग उरतो. जवळजवळ काहीच नाही. मेंदूला मात्र त्याची वर्षानुवर्षांची सवय असते. ती मागणी करत राहते : चिडचिड, बेचैनी, डोकं जड होणं, कशात लक्ष न लागणं, हात सतत काहीतरी शोधत राहणं. हा त्रास सोडल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. मग उतरायला लागतो आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत सरतो.

आता रोजेदार काय करतो ते पाहा. दिवसभर तो हा त्रास सोसतो. मगरिबला खजूर तोंडात टाकतो, दोन घोट पाणी पितो आणि बाहेर येऊन पेटवतो. पहिल्या झुरक्याला डोकं गरगरतं. लोक म्हणतात रिकाम्या पोटामुळे. ते थोडं खरं, पण दिवसभरात शरीर निकोटीन विसरायला लागलेलं असतं, म्हणूनही ते गरगरतं. मग तरावीहनंतर दोन, झोपताना एक, सहरीला दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पूर्ण महिनाभर त्याचा रोज पहिलाच दिवस असतो. तिसरा दिवस उजाडतच नाही, त्यामुळे उताराही लागत नाही. सोडण्याची किंमत तो तीसच्या तीस दिवस मोजतो, आणि सुटत मात्र काहीच नाही.

हे आमच्या लक्षात आलं तेव्हा आमची चिडचिड झाली, खरं सांगायचं तर. इतकी वर्षं फुकट सोसलं. मग ज्या वर्षी सोडली त्या वर्षी रमजानचा चाँद दिसला त्या रात्री शेवटची ओढली आणि पहिले तीन इफ्तार काहीही झालं तरी न ओढता काढायचे एवढंच ठरवलं. तीस दिवसांचं नाव घेतलं नाही. मगरिब झाली की घरी न जाता मशिदीतच बसून राहायचो, तिथे कुणी पेटवत नाही. तलफ येते तेव्हा वाटतं आता ही वाढतच जाणार. तशी ती वाढत नाही. घड्याळ लावून पाहिलं, तीन ते पाच मिनिटांत लाट ओसरते, ओढली तरी आणि नाही ओढली तरी. तिसऱ्या दिवशी वर्गात एका मुलावर काही कारण नसताना ओरडलो. दुसऱ्या दिवशी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. मुलं चकित झाली होती.

चौथ्या दिवसापासून फरक कळायला लागला. ज्यांनी रमजानात सोडली नाही त्यांनी वर्षभर थांबावं असं आम्ही म्हणत नाही, कुठलाही सोमवार चालतो. पण चौदा तास राहू शकतो हे ज्याने स्वतः पाहिलंय, त्याला "मला जमणारच नाही" असं म्हणता येत नाही.

खोकला वाढतो, तो का?

आता त्या पालकांच्या खोकल्याकडे येऊ. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत असतात आणि धूळ, कफ, जंतू वर घशाकडे ढकलत राहतात. झाडूवाला गल्ली झाडतो तसंच. धूर या तंतूंना लुळं पाडतो. झाडू थांबतो, कचरा साचतो. सोडल्यावर काही दिवसांत-आठवड्यांत ते पुन्हा हलायला लागतात आणि वर्षांचा साचलेला कफ वर यायला लागतो. म्हणून काहींचा खोकला सुरुवातीला वाढतो, कफ पडतो, कधी त्यात काळपट कणही दिसतात. पुन्हा ओढायला लागलं की तंतू पुन्हा लुळे पडतात, खोकला थांबतो. आराम वाटतो. पण कचरा आतच राहतो. त्या पालकांना विडीने जो आराम दिला तो असा होता. काही महिने थांबलं तर हा खोकला आपोआप कमी होतो आणि दमही कमी लागतो.

मात्र इथे एक गोष्ट आम्ही जोर देऊन सांगतो. प्रत्येक खोकला 'सोडल्याचा खोकला' नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी, ती मोफत होते. ओढणाऱ्यांना टीबीचा धोका मुळातच जास्त असतो. थुंकीत रक्त दिसलं, छातीत दुखलं, वजन विनाकारण उतरायला लागलं, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नये. आमच्या ओळखीतल्या एका चाचांनी तीन महिने "साफ होतंय, साफ होतंय" म्हणत काढले, निघाला टीबी. औषधांनी बरे झाले, पण तोपर्यंत घरातल्या दोघांना लागण झाली होती.

तोंडातले छाले, पोट न साफ होणं, हे दोन्ही अनेकांना होतं आणि काही आठवड्यांत जातं. निकोटीन आतड्यांना चालना देत असतं, म्हणून तर कित्येकांना सकाळी पेटवल्याशिवाय 'होत' नाही. पाणी, पालेभाजी, पपई, चालणं, एवढ्यावर भागतं. हिरड्यांचंही असंच. धुरामुळे हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे आजारी हिरडीतूनसुद्धा रक्त येत नाही आणि सगळं ठीक वाटतं. सोडल्यावर ब्रशला रक्त दिसलं तर ते नवीन दुखणं नसतं, झाकलेलं उघडं पडलेलं असतं. दातांच्या डॉक्टरला दाखवावं.

चहाचं मात्र आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्या वेळी आम्ही फसलो ते बहुधा त्याच्यामुळेच. धुरातली काही द्रव्यं यकृताला कॅफिन लवकर मोडून टाकायला लावतात. ओढणारा माणूस पाच-सहा कप चहा सहज पचवतो तो यामुळे. सोडल्यावर यकृताचा हा वेग थोड्याच दिवसांत मूळ पदावर येतो. चहा तेवढाच, पण कॅफिन अंगात बराच वेळ राहतं. मग छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. आपण म्हणतो, सिगारेट सोडली आणि तब्येत बिघडली. शिवाय ओढण्याच्या जागी आपण चहाच वाढवलेला असतो. त्या वेळी स्टाफरूममध्ये आम्ही सात-सात कप पीत होतो. तिसऱ्या वेळी चहा निम्म्यावर आणला, असरनंतरचा पूर्ण बंद केला. झोप आठवडाभरात रुळावर आली.

यकृताच्या या बदलाचा परिणाम काही औषधांवरही होतो. दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या थिओफिलिनच्या गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, यांचा डोस सोडल्यावर बदलावा लागू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही साखरेवर नजर ठेवावी लागते. घरात कुणी यापैकी काही घेत असेल तर सोडण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगावं. गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नयेत.

वजन वाढतं, हे खरं आहे. निकोटीन भूक मारतं आणि शरीर थोडी जास्त ऊर्जा जाळतं. ते गेलं की भूक परत येते, आणि त्यात जिभेला चवही परत आलेली असते. पहिल्या वर्षात सरासरी ४-५ किलो वाढतात. काहींचे वाढत नाहीत, काहींचे दहाही वाढतात. आमचे सहा वाढले. त्या ईदचा शीरखुर्मा आम्ही तीन घरी तीन-तीन वाट्या प्यायलो, तेव्हा दोष सगळाच निकोटीनवर टाकता येत नाही. पण सहा किलोंचं ओझं आणि चौदा वर्षांचा धूर यांची तुलना होत नाही. ते सहा किलो नंतर चालून-फिरून निम्मे तरी उतरले.

घराला काय जाणवतं

चव आणि वास एक-दोन दिवसांतच सुधारायला लागतात, असं पुस्तकात असतं. आम्हाला ते दुसऱ्या आठवड्यात कळलं, वरणाला लसणाची फोडणी पडली तेव्हा. वास स्वयंपाकघरातून थेट दारापर्यंत आला. अम्मीच्या हातचा तो वास इतकी वर्षं आमच्यापर्यंत येतच नव्हता. दुसरा वास नको असताना कळला. नमाजच्या सफमध्ये शेजारी एक जण ओढून आलेले होते. अत्तर लावलेलं, तोंडात लवंग, तरी त्यांच्या कपड्यांतून, श्वासातून तो शिळा धूर येत होता. चौदा वर्षं आम्ही असेच शेजारी उभे राहत होतो आणि आम्हाला वाटायचं की लवंगेने भागतं. कुणी कधी बोललं नाही, ही त्यांची मेहरबानी.

धाकटी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आधी ती मांडीवर यायची, पण तोंड फिरवून बसायची. ती तशीच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. महिन्याभरात ती सरळ बसायला लागली. तिला विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. धुराच्या घरात वाढणाऱ्या मुलांना दमा, छातीचे आणि कानाचे संसर्ग जास्त होतात, हे डॉक्टर सांगतात. गच्चीवर ओढून आलो म्हणून भागत नाही, कपड्यांना आणि केसांना चिकटून तो घरात येतोच.

आवाज सुधारला. सहाव्या तासाला आमचा आवाज बसायचा, ते शिकवण्यामुळे होतं असं आम्ही मानत होतो. जिना चढताना बोलता यायला लागलं. आणि उजव्या हाताच्या बोटांचं नख. तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं पिवळी-तपकिरी झालेली असायची. सोडल्यावर नवीन नख स्वच्छ उगवायला लागलं आणि जुन्या पिवळ्या नखाशी त्याची सरळ रेघ दिसायला लागली. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. ती रेघ दर आठवड्याला थोडी पुढे सरकलेली दिसायची. फुप्फुसात काय चाललंय ते दिसत नाही, हे दिसत होतं. सहाएक महिन्यांनी शेवटचा पिवळा तुकडा कापला.

पैशाचं सगळे सांगतात म्हणून थोडक्यात. आमचे रोजचे ऐंशी रुपये जायचे, वर्षाचे २९,२००. वेळेचं मात्र कुणी मोजत नाही. एका सिगारेटला जाण्या-येण्यासकट सात-आठ मिनिटं, दहांची सव्वा तासाच्या आसपास. शिवाय शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मधल्या सुट्टीत आम्ही मास्तर लोक कायदा पाळणाऱ्या टपरीपर्यंत चालत जायचो. वाटेत आपलेच विद्यार्थी सलाम करायचे.

एक नुकसानही झालं, ते लपवत नाही. टपरीवरची मंडळी सुटली. वीस वर्षांची दोस्ती होती, सगळ्या गप्पा तिथेच व्हायच्या. पहिले दोन महिने तिकडे गेलो नाही, कारण गेलो असतो तर पेटवली असती. काहींना वाटलं आम्ही स्वतःला शहाणे समजायला लागलो. नंतर एकेकाला घरी चहाला बोलावलं. सगळे आले नाहीत.

एक सोडून दुसरं धरणं

विडी सोडून गुटखा, मावा किंवा तंबाखू-चुना धरणारे आपल्याकडे भरपूर आहेत. आपल्या राज्यात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारेच कितीतरी जास्त आहेत. गुटख्यावर २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी आहे, तो कसा मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. निकोटीन तेच, फक्त फुप्फुसाऐवजी तोंडाचा कर्करोग. हुक्क्याच्या पाण्याने धूर धुतला जात नाही. तरुण मुलं वेप घेऊन येतात, ते विकणंच देशात २०१९ पासून बंद आहे. आणि घरातल्या ज्या बायका "आम्ही कुठे काही ओढतो" म्हणतात, त्यांच्यातल्या कित्येक सकाळी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती सोडतानाही हीच चिडचिड, हीच तलफ, हेच दोन-चार आठवडे. त्यांच्या चिडचिडीला मात्र "रोजा लागतो" म्हणून कुणी सांभाळून घेत नाही.

झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवावी लागत असेल, तर सवय पक्की आहे असं समजावं आणि मदत घ्यावी. मदत घेतली तर यश मिळण्याची शक्यता वाढते, यात कमीपणा नाही. निकोटीनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. ते पानासारखं चघळत राहायचं नसतं, थोडं चावून गालात दाबून ठेवायचं असतं, आणि रोज्यात अर्थातच इफ्तारनंतर. डॉक्टर गोळ्याही देतात. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे, हा नंबर तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. आम्ही तो वर्षभर खिशात घेऊन फिरत होतो.

पुढचा हिशोब वर्षांचा आहे. एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्मा होतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. पंधरा वर्षांत हृदयविकाराचा धोका कधीच न ओढलेल्या माणसाच्या जवळ जातो. साठीत सोडली तरी फायदा होतो, फक्त तिशीत सोडणाऱ्याइतका नाही. जे फुप्फुस कायमचं खराब झालंय ते परत मिळत नाही, पण खराब होण्याचा वेग कमी होतो.

घरच्यांनी पहिले तीन आठवडे थोडं सोसावं. रोज "ओढली का?" म्हणून झडती घेऊ नये, खिसे हुंगू नयेत. शादीच्या रात्री, मय्यतीला, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी एखादी ओढली गेली, तर "संपलं आता" असं घरच्यांनीही म्हणू नये आणि त्यानेही. आमच्याकडून चौथ्या महिन्यात एका मय्यतीनंतर एक ओढली गेली होती. घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "बरं. जेवून घ्या." दुसऱ्या दिवशी ओढली नाही.

अजूनही कधीकधी स्वप्नात आम्ही सिगारेट ओढतो. अगदी पेटवलेली, हातात धरलेली. जाग आल्यावर वाईट वाटतं, सगळं वाया गेलं असं क्षणभर वाटतं, मग आपण अंथरुणातच आहोत हे कळतं. सोडलेल्या कित्येकांना अशी स्वप्नं पडतात, वर्ष उलटून गेल्यावरही. त्याचा अर्थ सवय परत आली असा नसतो.